फॉर्मचं पान कुणाच्या घरी

ऑफिसात त्याला सगळे मामा म्हणायचे, पण खरा मामा तो एका भाचीचाच होता. भाची नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी जिन्यातून "अरे मामा, डबा विसरलास!" म्हणून ओरडली. तेव्हापासून हिशेबवाल्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा तो मामा झाला. त्याआधी लोक त्याला नावाने हाक मारत, किंवा खरं सांगायचं तर हाक मारायचं टाळतच असत.

कारण मामाकडे काम घेऊन जायचं म्हणजे तोंड सांभाळून जावं लागे. डोळ्यांच्या दवाखान्यांची ती मोठी कंपनी होती; शहरभर दवाखाने आणि मधोमध हे मुख्य ऑफिस. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक बिनखिडकीची थंडगार खोली होती आणि तिच्यात कंपनीचा सर्व्हर. वेबसाइट आणि सगळ्यांचे ईमेल ज्या यंत्रावर चालत ते यंत्र. मामाने ते स्वतःच्या हाताने बसवलं होतं आणि केस पिकेपर्यंत सांभाळलं होतं. बाहेर घामाच्या धारा लागल्या तरी तो आत स्वेटर घालून बसलेला असायचा. वेबसाइटवर एक स्वल्पविराम बदलायचा असला तरी त्याच्या दारात उभं राहावं लागे, आणि मामा खुर्ची न वळवताच म्हणायचा, "मेल टाका. बघू."

हे "बघू" म्हणताना त्याला जे सुख व्हायचं, ते पगाराच्या दिवशीही होत नसे.

त्याचे मेहुणे, म्हणजे भाचीचे वडील, अचानक गेले तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. कंपनीच्या मालकीण स्वतः डोळ्यांच्या सर्जन. त्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणत. मामाने त्यांच्याकडे शब्द टाकला आणि भाचीला नोंदणीच्या टेबलावर चिकटवलं. उपकार मोठा होता, यात वाद नाही. पण मामाने तो कधी खाली ठेवला नाही. कुणी नवीन माणूस आला की याचं सुरू: "ही आमची रडूबाई. मुलाखतीच्या दिवशी बाथरूममध्ये कडी लावून बसली होती. मी बाहेरून दार वाजवतोय आणि आत हिचा भोंगा चालू! शेवटी डॉक्टरबाईच म्हणाल्या, घेऊन टाका हो हिला, नाहीतर पूर येईल मजल्यावर."

सगळे हसायचे. भाचीही हसायची. पुढे ती मार्केटिंगला गेली, तिथे आधी सहायक झाली, मग प्रमुख झाली, तिच्या हाताखाली माणसं आली. त्या माणसांसमोरही मामाने तोच किस्सा, त्याच हातवाऱ्यांसकट सांगितला. त्या दिवशीही ती हसली. फक्त त्यानंतर ऑफिसात ती "अरे मामा"च्या जागी "अहो मामा" म्हणू लागली. मामाला वाटलं, पोरीला रीतभात कळायला लागली.

मार्केटिंगचं काम तसं समजायला सोपं होतं. लोकांच्या मोबाइलवर जाहिरात दाखवायची. कुणी तिच्यावर बोट लावलं की एक पान उघडायचं. पानावर एक फोटो, चार ओळी आणि खाली फॉर्म: नाव, वय, फोन नंबर, त्रास काय. त्याला ते लँडिंग पेज म्हणत. फॉर्म भरला की तो मेलने फोनच्या टेबलावर जाई आणि तिथल्या बाई त्या माणसाला फोन करून दवाखान्याची वेळ देत. हे पान ठेवायचं कुठे, एवढाच काय तो प्रश्न. आजवर ते मामाच्या सर्व्हरवर, कंपनीच्या वेबसाइटच्या पोटात असायचं. म्हणजे प्रत्येक नव्या जाहिरातीला मामाच्या दारात उभं राहणं आलंच.

एकदा चष्मा घालवायच्या ऑपरेशनची मोठी जाहिरात निघाली. भाचीने वेळेवर पान मागितलं. मामा म्हणाला बघू, आणि दोन आठवडे बघत राहिला. जाहिरात ठरल्या दिवशी सुरू झाली आणि बोट लावणाऱ्याला कोरं पान दिसू लागलं. डॉक्टरबाईंनी भाचीला सगळ्यांसमोर उभं-आडवं झापलं. मामा तिथेच भिंतीला टेकून उभा होता.

"मेल आला होता तो अर्धवट," तो म्हणाला. "फोटोचं माप दिलं नव्हतं. रडूबाईला घाईच फार."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मात्र भाची तयारीनिशी आली.

"जाहिरातीची पानं बाहेर ठेवायची," ती म्हणाली. अशी पानं बनवायला आणि सांभाळायला देणाऱ्या कंपन्या होत्या, त्यातली एक तिने निवडली होती. "वेबसाइटचा पत्ता आपलाच राहील, फक्त पुढे एक शब्द जोडायचा. माझी माणसं स्वतः पान बनवतील, स्वतः बदलतील. कुठलं चाललं, कुठलं पडलं, ते संध्याकाळपर्यंत कळेल."

मामा हसला. "वा! म्हणजे लोकांची नावं, नंबर, आजार, सगळं नेऊन परक्याच्या माडीवर ठेवायचं. उद्या त्याने कुलूप लावलं तर?"

"कुलूप आजही लागतंच की, मामा," भाची म्हणाली. "किल्ली तुमच्या कमरेला असते एवढंच."

टेबलाभोवती कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. मामाचे कान लाल झाले.

"घरची वस्तू घरात बरी असते. काही झालं तर आपण जबाबदार असतो, आपण दुरुस्त करतो."

"घराचं मला नका सांगू," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना पुढच्या ऑपरेशनला जायचं होतं. "मला भरलेले फॉर्म सांगा. एक आठवडा बघा. अर्ध्या जाहिराती मामांच्या पानावर पाठवा, अर्ध्या हिच्या. ज्याचे फॉर्म जास्त, पानं त्याच्याकडे."

त्या आठवड्यासाठी मामाने जीव टाकला, हे सांगायलाच हवं. त्याने फोटो हलके केले, नको ते रकाने काढले, जाड बोटालाही सापडेल एवढं बटण मोठं केलं. साध्या मोबाइलवर पान कसं उघडतं ते बघायला घरी मामीला कामाला लावलं. मामी स्वयंपाक सोडून फॉर्म भरत बसली.

"किती वेळा तेच नाव लिहू?" ती वैतागली. "यात माझेच डोळे जायचे."

"लिही गं. उघडतंय का पटकन, ते सांग."

"उघडतंय. चांगलं दिसतंय," मामी म्हणाली, आणि मामी सहसा त्याच्या कुठल्या गोष्टीला चांगलं म्हणत नसे. मामा त्या रात्री शांत झोपला.

निकाल लागला तेव्हा भाचीचे फॉर्म मामाच्या कितीतरी पट होते. फळ्यावर तिने दोन उभ्या पट्ट्या काढल्या. एक फळ्याच्या वरच्या कडेला टेकली, दुसरी पेनाच्या टोपणाएवढी. डॉक्टरबाई "झालं तर मग" म्हणून उठल्या. त्या बाहेर पडल्यावर भाचीच्या एका माणसाने छोट्या पट्टीखाली मार्करने लिहिलं: बघू. खोलीभर हशा पिकला. मामाही हसला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

आपल्या खोलीत परतल्यावर त्याने सर्व्हरवर पाहिलं, की त्याच्या पानावर माणसं आली तरी कुठून. जवळजवळ सगळी लांबलांबच्या गावांतली होती. तिथे कंपनीचा दवाखाना नव्हता आणि व्हायचाही नव्हता. तिथला माणूस डोळे तपासायला एवढ्या लांब कशाला येईल? जाहिराती कुणाला दाखवायच्या हे भाचीच्या हातात होतं. तिने शहर स्वतःकडे ठेवलं होतं आणि माळरान मामाला दिलं होतं.

त्याने तिला जिन्यात गाठलं.

"तू केलंस हे?"

"हो."

ती नाही म्हणेल आणि मग आपण तिला धरू, अशी तयारी करून तो आला होता. त्या एका "हो"ने त्याची सगळी तयारी वाया गेली.

"लाज नाही वाटत?"

"मामा, तुझं पान हळू आहे. मी काही केलं नसतं तरी तू हरलाच असतास." किती दिवसांनी ती त्याला अरे-तुरे करत होती. "थोडक्यात हरला असतास, एवढंच. मला थोडक्यात नको होतं."

"डॉक्टरबाईंना सांगतो आता वर जाऊन."

"सांग ना. त्यांना फॉर्म हवेत, ते माझ्याकडे आहेत. तू वर गेलास तर त्यांना काय दिसेल माहितीये? म्हातारा हरला आणि रडत आला." ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "रडायचंच असेल तर दुसऱ्या मजल्यावरचं बाथरूम बरं. कडी घट्ट लागते."

रविवारी मामा बहिणीकडे गेला. ताई त्याच्याहून मोठी. गुडघे गेल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीतच असायची. ताई पोरीचा कान धरेल, अशी त्याची खात्री होती. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ताई मटार सोलत ऐकत राहिली.

"झालं सांगून?"

"ताई, मी हिला तिथे चिकटवली. माझ्या शब्दावर."

"चिकटवलीस. मग रोज नखाने उकरून कशाला बघत होतास, चिकटलीय का ते?"

"मी? मी काय केलं?"

"माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर बाथरूमची गोष्ट सांगायचास. ती आतल्या खोलीत कानात बोटं घालून बसायची. आणि मी तुला चहा करून द्यायचे. का? तर घर तिच्या पगारावर चालायचं आणि तिचा पगार तुझ्या मर्जीवर." ताईने साल बाजूला टाकलं. "आता तुझ्या मर्जीवर नाही चालत. बरं वाटतंय मला. चहा घेणार?"

"नको."

ताईने पुन्हा विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो बहिणीच्या घरून चहा न घेता परतला.

पानं बाहेर गेली. पत्त्यापुढचा शब्द जोडायचं काम मामालाच करावं लागलं आणि ते होईपर्यंत भाची त्याच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभी राहिली. तरी एक गोष्ट मामाच्या घरात उरली होती, ती म्हणजे ईमेल. बाहेरच्या पानावर भरलेला फॉर्म मेल होऊन मामाच्या सर्व्हरवर यायचा आणि तिथून फोनच्या टेबलावर जायचा. पहिल्याच सकाळी मामाला दिसलं, की सर्व्हर या मेलना ओळखतच नाहीये. कुणा परक्याकडून आलेला मजकूर समजून तो त्यांना स्पॅममध्ये, म्हणजे लॉटरीच्या आणि फसव्या मेलच्या कचऱ्यात ढकलतोय. एक ओळ लिहिली असती तर थांबलं असतं. मामाने हात कीबोर्डवर नेला. मग उचलून स्वेटरच्या खिशात घातला.

त्याने काहीही केलं नाही. पुढे जेव्हा जेव्हा मनात तो विषय निघे तेव्हा तो स्वतःला हेच सांगे, आणि ते शब्दशः खरं होतं.

फोनच्या टेबलावरच्या बाई पन्नाशीच्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या आणि असा आवाज, की म्हातारी माणसं काम झाल्यावरही फोन ठेवायला तयार नसत. कुणी तेच तेच चारदा विचारलं तर त्या चारदा तेच सांगत, आणि पाचव्यांदा "लिहून घेताय ना आजोबा?" म्हणत. भाची नोंदणीच्या टेबलावर नवीन असताना फोनवर कसं बोलायचं ते याच बाईंनी तिला शिकवलं होतं.

नव्या पानावरची पहिली जाहिरात साठीपुढच्या लोकांसाठी होती: काचबिंदूची मोफत तपासणी. दवाखान्यांत झुंबड उडू नये म्हणून भाचीने पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "आमचा फोन आल्याशिवाय येऊ नये." जाहिरात चालू झाली आणि बाईंचं टेबल ओस पडलं. एक दिवस त्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या मामाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, फॉर्मच येत नाहीयेत हो. काही बिघडलंय का?"

"मला काय विचारता? पान आता भाचीच्या घरी असतं. तिला विचारा."

बाई भाचीकडे गेल्या. तिच्या पडद्यावर भरलेल्या फॉर्मचा आकडा चढत होता.

"भरभरून येतायत की," भाची म्हणाली. "तुम्ही मेल उघडता ना?"

"उघडते. सकाळी आल्या आल्या उघडते."

"मग नीट बघा."

बाई गेल्यावर मात्र भाचीला चैन पडेना. तिने स्वतःच एक खोटा फॉर्म भरून आपल्या मेलवर मागवला. तो कचऱ्यात सापडला, तेव्हा तिला सगळं कळलं. मामाने हे पाहिलं नसेल असं होणारच नाही, हेही तिच्या लक्षात आलं. आता हे दुरुस्त करायचं तर मामाच्या दारात उभं राहावं लागणार. डॉक्टरबाईंना सांगायचं, तर त्याच सकाळी तिने तो चढता आकडा दाखवून शाबासकी घेतली होती. शुक्रवारची बैठक होऊन जाऊ दे, तिने ठरवलं, मग हळूच सांगू. तिनेही काहीच केलं नाही.

बाईंना रिकामं बसवेना. त्या जुन्या रुग्णांना फोन करून चष्मा नीट बसतोय का विचारत राहिल्या.

शुक्रवारी बैठकीआधी एक अनोळखी बाई जिना चढून आली आणि थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरली. शिवणकाम करणारी असावी. मोजमापाची फीत गळ्यातच राहिली होती. तिने टेबलावर मोबाइल ठेवला. पडद्यावर भरलेला फॉर्म उघडा होता आणि वर लिहिलं होतं: धन्यवाद, आम्ही लवकरच फोन करू.

"माझ्या वडिलांनी भरलाय," ती म्हणाली. "बसवर ड्रायव्हर होते. डोळा दुखायला लागला तेव्हा माझ्या हातूनच भरून घेतला. मग दुसऱ्या दिवशी परत भरला. फोन हातात धरून बसले होते, बाथरूमला जातानाही घेऊन जायचे. मी म्हणत होते, गाडी करून जाऊन येऊ. तर म्हणाले, लिहिलंय ना, फोन आल्याशिवाय येऊ नका. जन्मभर पाट्या वाचून गाडी चालवलेला माणूस."

"आता कसे आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काल उलट्या व्हायला लागल्या तेव्हा उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. उजवा डोळा गेला. कालच्या काल गेला म्हणाले." तिने फीत गळ्यातून काढली, हातात गुंडाळली. "मला भांडायचं नाहीये. फोन का नाही केला, एवढंच सांगा. त्यांनी विचारायला पाठवलंय."

डॉक्टरबाईंनी फॉर्मवरचा मजकूर वाचला. "उजवा डोळा खूप दुखतो. दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात." वाचून त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. हे वाक्य त्यांच्या हाताखालच्या सर्वांत कच्च्या डॉक्टरने वाचलं असतं, तरी त्याने म्हाताऱ्याला त्याच तासाला बोलावून घेतलं असतं. "मी बघते," एवढं म्हणून त्यांनी तिला पाठवून दिलं आणि मामा, भाची आणि फोनच्या टेबलावरच्या बाई अशा तिघांना बोलावलं.

"हा फॉर्म आला होता का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मला या जाहिरातीचा एकही आला नाही."

"आला होता," भाची म्हणाली. "पानावर नोंद आहे. तिथून मेल सुटलाय."

डॉक्टरबाई मामाकडे वळल्या. "मामा, मेल पोचला का?"

मामाने भाचीकडे पाहिलं. ती आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होती. हिला माहीत होतं, हे मामाला कळलं. याला माहीत होतं, हे तिने आधीच ताडलं होतं. एकाने तोंड उघडलं तर दोघं बुडणार. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांकडे इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

"पोचला," मामा म्हणाला. "बाईंच्याच मेलमध्ये आहे. स्पॅमच्या कप्प्यात. उघडलेला नाही."

"स्पॅम म्हणजे?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न तोंडातून निघाला आणि बाईंची नोकरी तिथेच संपली. मामाच्या सर्व्हरने आजवर त्यांचा एकही फॉर्म त्या कप्प्यात टाकला नव्हता, त्यामुळे तो उघडायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं.

"जन्म गेला मेलवर काम करण्यात आणि स्पॅम म्हणजे काय ते माहीत नाही?" भाची म्हणाली.

"पण मी विचारलं होतं ना! या दोघांनाही जाऊन विचारलं होतं."

"मला आठवत नाही," भाची म्हणाली.

"येता-जाता काहीतरी म्हणाल्या होत्या," मामा म्हणाला. "पण तक्रार असेल तर लेखी द्यायची असते. तोंडी कोण लक्षात ठेवणार?"

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना कुणावर तरी बोट ठेवायचं होतं आणि बोट ठेवायला एक माणूस समोर काढून दिलेला होता. बाईंना त्याच दिवशी घरी जायला सांगितलं गेलं. त्यांनी कानाला लावायचा फोन पदराने पुसला, त्याची वायर गुंडाळली आणि टेबलावर ठेवला. जिन्यात मामा भेटला.

"मामा, मी तुमच्या दारात उभी होते ना हो?"

"जाताना ओळखपत्र खाली जमा करा," मामा म्हणाला.

सोमवारी डॉक्टरबाईंचा हुकूम आला, की राहिलेल्या सगळ्या लोकांना फोन झाले पाहिजेत. नवीन माणूस मिळेपर्यंत ते काम मामा आणि भाचीनेच करायचं. मामाने सकाळी आल्या आल्या ती एक ओळ लिहिली आणि कचऱ्यातले फॉर्म वर आले. दोघं बाईंच्या टेबलाशी शेजारीशेजारी बसली. काय बोलायचं ते भाचीने कागदावर उतरवून काढलं होतं: आमच्या एका कर्मचाऱ्याच्या नजरचुकीमुळे आपल्याला फोन करायला उशीर झाला.

मामाने कागद वाचला. "अगं, नजरचूक काय? डोळ्यांचा दवाखाना आहे!"

भाचीने आधी ओठ दाबले, मग तिला हसू आवरेना. तिला बघून मामाही सुटला. दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. बाहेरून जाणाऱ्या हिशेबवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि मामा-भाचीचं मिटलं वाटतं, असं सगळ्या मजल्याला सांगितलं.

"मग काय लिहू?" भाचीने डोळे पुसत विचारलं.

"दुर्लक्षामुळे लिही. सरळ."

तिने लिहिलं. मग दिवसभर दोघं तेच वाक्य आळीपाळीने म्हणत राहिली. काही लोकांनी शिव्या दिल्या, काहींनी फोन ठेवला, बहुतेकांनी वेळ घेतली. ड्रायव्हरचा नंबर भाचीच्या वाट्याला आला. त्याच्या मुलीने फोन उचलला. उरलेल्या डोळ्याची तपासणी आयुष्यभर मोफत, असं भाचीने गोड आवाजात सांगितलं. पलीकडून बराच वेळ शिवणयंत्राची घरघर ऐकू आली. मग फोन बंद झाला. भाचीने त्या नावापुढे "रस नाही" लिहिलं आणि खालचा नंबर घेतला.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला. औषधांच्या एका मोठ्या दुकानातून कुणी बोलत होता. "तुमच्याकडे फोनवर एक बाई होत्या म्हणे. आमच्याकडे आल्यायत कामासाठी. कशा होत्या?"

मामाने फोनवर हात ठेवला आणि भाचीला सांगितलं. भाची आपल्या नखांकडे बघत राहिली. "काय सांगायचं ते सांग," ती म्हणाली. "फक्त उद्या परत त्या दुकानाचा फोन येईल असं काही नको."

चांगल्या होत्या, घ्या त्यांना, एवढं म्हटलं तरी काम झालं असतं. यात कुणाचं काहीच जात नव्हतं. पण बाई चांगल्या होत्या असं एकदा आपल्या तोंडाने म्हटलं, की मग काढल्या कशाला, हा प्रश्न आलाच. तो मामाला नको होता.

"स्वभावाने चांगल्या," तो फोनवर म्हणाला. "पण लक्ष नसायचं हो कामात."

पलीकडच्या माणसाने आभार मानले.

"आईने जेवायला बोलावलंय," जरा वेळाने भाची म्हणाली. "मामीला घेऊन ये. मासे तळणार आहे."

संध्याकाळी ताईकडे दिवा लागला होता आणि जिन्यापर्यंत तळणाचा वास येत होता. ताई गुडघे दुखत असूनही उभी राहून वाढत होती. मामाला तिने खिडकीजवळची आपली खुर्ची दिली.

"पुढच्या महिन्यात मोतीबिंदूची जाहिरात आहे," भाची जेवता जेवता म्हणाली. "पान बाहेरच ठेवू. पण फॉर्म मेलने नको. सरळ तुझ्या सर्व्हरवर येऊ देत, तू एक जागा करून दे."

"करतो," मामा म्हणाला. "उद्याच करतो. आधीच असं करायला हवं होतं."

"हो ना."

"त्या कोण बाई होत्या म्हणे, काढल्या त्या?" ताईने विचारलं. मामीनेही मान वर केली.

"होत्या एक," मामा म्हणाला. "फोनवर असायच्या."

"बिचाऱ्या," ताई म्हणाली आणि सगळ्यांत मोठा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. "काटा बघून खा."

मासे चांगले कुरकुरीत झाले होते. मामाने दोनदा मागून घेतले.